ताम्रपट व जुनीं नाणीं यांची शुद्धि

ऐतिहासिक साधनांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्या संशोधकास ज्या अनेक शत्रूंशीं गांठ घालावी लागते, त्यांत वाळवी, पाऊस, आग व रद्दीवाला यांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु आणखी एक शत्रु असा आहे कीं, तो घरोघर प्रतिष्ठेनें नांदतो आणि त्याचें कृत्य पाहून लोक त्याची पाठ थोपटतात. चिंच, मीठ, राख व काथ्या यांच्या साह्यानें जुना धातु लख्ख करण्याची हौस हाच तो शत्रु होय. वाळवीनें खाल्लेला कागद पाहून मालक निदान हळहळतो. घांसून गुळगुळीत झालेला ताम्रपट मात्र तो अभिमानानें पुढें ठेवतो. या हौसेनें इतिहासाची किती हानि होते, धातूवरील कळंक म्हणजे वस्तुतः काय, तो कोठें काढावा व कोठें काढूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. या विषयांत आम्हांकडून स्वतः एक अपराध घडलेला असल्यामुळें हें लिहिण्याचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे असें आम्ही समजतों.

१. धर्मशास्त्रांतील द्रव्यशुद्धि

धातु स्वच्छ कसे करावे याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण असून, तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें या धातूंची शुद्धि क्षार, अम्ल व पाणी यांनीं यथायोग्य करावी असें तेथें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत याच विषयाची अधिक वांटणी आहे : कथील, शिसें व तांबें यांस क्षार व आंबट पाणी, तर कांसें व लोखंड यांस राख व पाणी. आपल्या घरांतील वडील बायका तांब्याच्या घागरीस चिंच व कांशाच्या थाळीस राख लावीत, त्यांत या वचनांचाच आचार शेंकडों वर्षें चालत आलेला दिसतो.

या प्रकरणांतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, मनूनें केवळ पाण्यानें शुद्ध होणाऱ्या वस्तूंत रुप्याचा समावेश करितांना तें ‘अनुपस्कृत’ असावें, म्हणजे त्यावर कोरीव काम नसावें, अशी अट घातली आहे. साधा पत्रा व कोरलेला पत्रा यांस एकच उपचार चालत नाहीं, हा भेद स्मृतिकारास ठाऊक होता. दुसरी अशी कीं, अपवित्र पदार्थाचा गंध व लेप जाईपर्यंतच माती व पाणी वापरावें, अशी मर्यादा त्यानें सांगितली आहे. लेप गेला कीं शुद्धि संपली. पुढें घांसत बसण्यास शास्त्राची आज्ञा नाहीं. ज्यांस आपण आचारधर्म पाळतों असें वाटतें, त्यांनीं ही मर्यादाहि पाळली असती तर आज कित्येक ताम्रपट वाचतां आले असते.

२. रसशास्त्रांतील शोधन

‘शुद्धि’ या शब्दाचा दुसरा अर्थ रसशास्त्रांत येतो. तेथें धातूचे पातळ पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा यांत प्रत्येकीं सात वेळां विझवावे असा सामान्य शोधनविधि आहे. त्याचा हेतु धातु औषधास योग्य करणें हा आहे. त्या धातूचा आकार राहो वा न राहो, वैद्यास त्याचें सोयरसुतक नाहीं. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ‘ताम्रशोधन’ हा शब्द जुन्या पोथींत पाहून एखाद्या उत्साही गृहस्थानें तो विधि पुराणवस्तूवर चालवावा, हें आपल्याकडे अशक्य नाहीं. धर्मशास्त्राची शुद्धि वस्तु वापरण्यास योग्य करते, वैद्याची शुद्धि ती सेवनास योग्य करते. इतिहासाची शुद्धि ती वाचनास योग्य करते. तीन शास्त्रांचीं तीन प्रयोजनें आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यांत नेला कीं अनर्थ झालाच म्हणून समजावें.

३. कळंक म्हणजे काय

ताक पितळेच्या भांड्यांत ठेवलें असतां कळकतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. तेथें अम्लानें धातूचा अंश विरघळून ताकांत उतरतो. हवेंत किंवा मातींत पडलेल्या तांब्यावर जी क्रिया होते ती याहून सावकाश होते. प्रथम हवेंतील प्राणवायूच्या योगानें पृष्ठभागावर तांबूस थर बसतो. पुढें ओल व कर्बवायु यांच्या संयोगानें त्यावर हिरवा थर चढतो. यासच आपण सामान्यतः जंगाल म्हणतों. क्वचित् निळाहि थर आढळतो. हे थर दाट व घट्ट असले म्हणजे खालील धातूस एक प्रकारचें कवचच मिळतें, आणि अशा स्थितींत ताम्रपट शतकानुशतकें टिकतो.

परंतु जेथें मिठाचा अंश असतो तेथें गोष्ट निराळी होते. मिठांतील क्लोरीन तांब्याशीं संयोग पावून एक फिकट, मेणासारखा पदार्थ उत्पन्न करतें व तो वरील थरांच्या आड, धातूला लागून दडून बसतो. दमट हवा लागली कीं त्याची फिकट हिरवी भुकटी होते, तींतून आम्ल सुटतें, तें आम्ल पुन्हां नव्या तांब्यास खातें, आणि हें रहाटगाडगें धातु संपेपर्यंत चालूं शकतें. पाश्चात्य शास्त्रज्ञ यास कांशाचा रोग म्हणतात. घट्ट हिरवा जंगाल हा वृद्धाच्या पिकल्या केंसांसारखा आहे, तर ही भुसभुशीत भुकटी क्षयासारखी आहे. दोहोंचा रंग हिरवा म्हणून दोन्ही एकच समजूं नयेत.

आतां चिंच व मीठ, किंवा लिंबू व मीठ, या घरगुती उपायाकडे पाहावें. आंबटानें वरील थर विरघळतो व मीठ त्या क्रियेस जोर देतें. म्हणून भांडें क्षणांत उजळतें. घागरीचें त्यांत फारसें बिघडत नाहीं. ती रोज धुतली जाते व तिच्यावर कांहीं लिहिलेलें नसतें. पण ताम्रपटाच्या कोरीव रेषांत, खळग्यांत व कडीच्या भोंकांत जें मीठ शिरतें तें धुऊन निघत नाहीं. म्हणजे ज्या रोगानें तांबें मरतें त्याचें बीज आपण आपल्या हातानें पेरतों. कल्हईवाल्याकडे नेलेल्या पत्र्याची दशा याहून वेगळी नसते, कारण त्याचा नवसागर हाहि क्लोरीनयुक्तच क्षार आहे. शिवाय भट्टीची आंच लागते ती निराळीच.

रुप्याचा काळेपणा गंधकाच्या संयोगानें येतो. शिशाचा स्वभाव तर सर्वांहून नाजूक. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांसारखीं आम्लें त्यास खातात. इतकेंच नव्हे, तर लांकडी कपाटांतून सुटणाऱ्या आंबट वाफांनींहि त्यावर पांढरी भुकटी धरते. सातवाहनांचीं पुष्कळ नाणीं शिशाचीं आहेत. तीं सुंदर लांकडी खणांत मांडून ठेवणारा संग्राहक त्यांचा नकळत घात करीत असतो.

४. कळंकांत दडलेला पुरावा

येथें कोणी म्हणेल कीं, मीठ न घालतां काळजीपूर्वक घांसून खालचा चकचकीत धातु काढला तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. धातूचा जो मूळ पृष्ठभाग कारागिराच्या हातून निघाला तो पुष्कळदां आज धातूच्या रूपानें उरलेलाच नसतो. तो तांबूस थरांत जसाच्या तसा उमटून राहिलेला असतो. अक्षराच्या बारीक रेषा, वेलांटीचें टोंक, अनुस्वाराचा बिंदु हे त्या थरांत असतात. चकाकी येईपर्यंत घांसणें म्हणजे अक्षरांच्या खालीं उतरणें होय. अनुस्वार व रेफ गेल्यानें विशेषनाम बदलतें, आणि अंकाची एक रेघ गेल्यानें शक बदलतो, हें या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

दुसरें असें कीं, ताम्रपट खरा कीं बनावट हें ठरविण्यास कळंकाचें साह्य होतें. जुन्या पत्र्यावर मागाहून कोणी अक्षरें कोरलीं असतील तर जंगालाचा थर त्या रेषांपाशीं तुटलेला दिसतो. खऱ्या लेखांत तो अक्षराच्या तळापर्यंत अखंड पसरलेला असतो. नैसर्गिक थर धातूस घट्ट धरून असतो, तर लावलेला हिरवा रंग पुष्कळदां पाण्यानें वा मद्यार्कानें सुटतो. कित्येक पत्रे पूर्वींचा लेख ठोकून सपाट करून पुन्हां लिहिलेले असतात, व जुन्या अक्षरांच्या पुसट खुणा तिरप्या उजेडांतच दिसतात. राजानें भूमिदानाचें शासन वस्त्रावर वा ताम्रपटावर लिहवून त्यावर स्वतःची मुद्रा करावी असें याज्ञवल्क्य सांगतो. ती मुद्रा म्हणजे चालुक्यांचा वराह किंवा शिलाहारांचा गरुड. ही आकृति उठावाची असल्यामुळें काथ्याखालीं सर्वांत आधीं तीच झिजते. एका दिवसाच्या घांसण्यानें हे सर्व साक्षीदार मुके होतात.

नाण्यांचें एक उदाहरण देतों. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं जो प्रचंड निधि सांपडला, त्यांत क्षहरात नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं होतीं व त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. सातकर्णीच्या चिन्हांखालून नहपानाचा मुखवटा व अक्षरें डोकावतात. जेत्यानें जिताचें चलन आपलेंसें केलें, ही गोष्ट त्या दुहेरी ठशानें सिद्ध झाली. तीं नाणीं एखाद्या सोनारानें उजळून दिलीं असतीं तर वरचा ठसा राहिला असता व खालचा गेला असता. म्हणजे नाणीं राहून इतिहास गेला असता.

ताम्रपटांचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा जो ताम्रपट पुणें ताम्रपट या नांवानें प्रसिद्ध आहे, तो अहमदनगरच्या एका तांबट घराण्याकडे वडिलोपार्जित ठेव म्हणून होता. काशिनाथ बापूजी पाठक व के. एन. दीक्षित यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या पंधराव्या खंडांत संपादून प्रसिद्ध केला. प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व युवराज दिवाकरसेनाची माता, हें त्यावरून निश्चित झालें आणि वाकाटकांच्या काळनिर्णयास भक्कम आधार मिळाला. तांबटाच्या घरांत भट्टी, घण व आम्ल हीं नित्याचीं साधनें. तेथें तो पत्रा पिढ्यान् पिढ्या अक्षत राहिला याचें श्रेय त्या घराण्याच्या संयमास दिलें पाहिजे. मोडीच्या भावानें गेलेल्या व भट्टींत विरघळलेल्या पत्र्यांची गणती कोण करणार?

५. आमचा अपराध

आतां स्वतःच्या अपराधाविषयीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं आम्ही शिक्षक असतांना, जवळच्या खेड्यांतील एका शेतकरी कुटुंबाच्या देव्हाऱ्यांत एक ताम्रपत्र असल्याचें विद्यार्थ्यांकडून कळलें. तें तीन पत्र्यांच्या शासनांतील मधला पत्रा असावा. कडी व मुद्रा नव्हती. घरांतील मंडळी दसऱ्यास तें पाण्यानें धूत, गंधाक्षता वाहत, व पुन्हां जागेवर ठेवीत. अक्षरांत शेंदूर, तेल व जंगाल भरल्यामुळें वाचन होईना. घरच्या वृद्ध मालकांनीं विश्वासानें तो पत्रा आठ दिवसांकरितां आमच्या स्वाधीन केला. आम्हांस संस्कृताचा अभिमान होता, रसायनाचें ज्ञान नव्हतें. आम्हीं तो लिंबाच्या रसांत मीठ घालून रात्रभर ठेवला व सकाळीं काथ्यानें घांसला. पत्रा सोन्यासारखा झाला. आम्हीं घाईनें वाचून हातानें नक्कल केली. ठसा घेतला नाहीं, छायाचित्रहि काढलें नाहीं. पत्रा परत नेला तेव्हां मालकांच्या आई म्हणाल्या, “गुरुजी, देव उजळलात तुम्ही. आमच्या हातून एवढा लख्ख कधीं झाला नाहीं.” त्या शब्दांनीं आम्हांस त्या वेळीं धन्यता वाटली.

पुढील पावसाळा गेल्यावर आम्ही पुन्हां गेलों. पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागांत, नेमक्या अक्षरांच्या रेषांतून, फिकट हिरवी भुकटी फुलून आली होती. बोट लावतांच ती गळे व तिच्याबरोबर अक्षराचा कांठ गळे. त्यानंतरच्या दोन वर्षांत शेवटच्या तीन ओळी नाहींशा झाल्या. त्याच ओळींत दान दिलेल्या गांवाचें नांव व त्याचे चार आघाट होते. आमच्या नकलेंत त्या नांवांतील दोन अक्षरें संशयित म्हणून नोंदलेलीं आहेत. त्यांच्या एका वाचनानें एक गांव निघतें, दुसऱ्या वाचनानें नदीपलीकडील दुसरें. आणि आघाट पुरे वाचले नसल्यामुळें निर्णय होत नाहीं. तिरप्या उजेडांत काढलेलें एक छायाचित्र असतें तर निर्णय झाला असता. जंगालाखालीं तें नांव कित्येक शतकें सुरक्षित होतें. आमच्या हातीं आल्यावर तीन वर्षेंहि टिकलें नाहीं. मालकांनीं आम्हांस कधीं दोष दिला नाहीं, कारण दोष कोणाचा हें त्यांस कळलेंच नाहीं. आम्हांस तें सांगण्याचें धैर्य पुष्कळ वर्षें झालें नाहीं, आणि झालें तेव्हां ते गृहस्थ हयात नव्हते.

६. शास्त्रीय पद्धतीची वाटचाल

या चुका केवळ आमच्याच देशांत झाल्या असें नाहीं. बर्लिन येथील राजसंग्रहालयांनीं १८८८ सालीं रासायनिक प्रयोगशाळा स्थापून तिच्यावर फ्रीड्रिख राथगेन यांची नेमणूक केली. त्यांचा पुराणवस्तुरक्षणावरील ग्रंथ १८९८ सालीं प्रसिद्ध झाला व १९०५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. विजेच्या प्रवाहानें कळंक उतरविण्याची पद्धति त्या काळीं पुष्कळ वापरली गेली; परंतु तिनें थराबरोबर मूळ पृष्ठभागहि जातो असें अनुभवास आल्यावर तिचा उपयोग आवरता घेण्यांत आला. ब्रिटिश म्युझियममध्यें अलेक्झांडर स्कॉट व त्यांच्यामागून हॅरल्ड प्लेंडरलीथ यांनीं सौम्य उपायांचा अभ्यास केला. प्लेंडरलीथ यांचा ग्रंथ १९५६ सालीं निघाला. आपल्याकडे पुराणवस्तुखात्यांत १९१७ सालीं रसायनज्ञाची जागा निर्माण होऊन महंमद सनाउल्ला यांची नेमणूक झाली, आणि पुढें ही शाखा डेहराडून येथें गेली. मोहेंजोदडोच्या तांब्या-कांशाच्या वस्तूंचें पृथक्करण त्यांनींच केलें. १९७६ सालीं लखनौ येथें सांस्कृतिक वस्तूंच्या रक्षणाकरितां राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली.

या शंभर वर्षांच्या अनुभवाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : जितकें कमी करतां येईल तितकें कमी करावें, आणि जें करावें तें पुन्हां निस्तरतां येण्याजोगें असावें. रोगट तांब्यास सोड्याच्या दोन क्षारांच्या सौम्य द्रावणांत, म्हणजे शेंकडा पांच प्रमाणाच्या सेस्क्विकार्बोनेटांत, कित्येक आठवडे भिजवून व द्रावण वरचेवर बदलून क्लोरीन काढीत असत. त्यानें जंगालाचा रंग क्वचित् बदलतो, म्हणून तेंहि जपून करावें लागतें. १९६७ पासून बेन्झोट्रायझोल नांवाचें द्रव्य प्रचारांत आलें. तें तांब्यावर पातळ पडदा धरून क्षय थोपवितें. परंतु तें अंगास अपायकारक असल्यानें जाणत्यानेंच हातमोजे घालून वापरावें. या क्रिया घरीं करण्याच्या नव्हेत.

७. घरीं काय करावें

मग सामान्य मालकानें वा संशोधकानें काय करावें? आमच्या मतें पुढील क्रम पाळावा.

प्रथम वस्तु आहे तशीच मोजावी, तोलावी व तिरप्या उजेडांत तिचें चहूंबाजूंनीं छायाचित्र घ्यावें. कडी, मुद्रा व पत्रे अलग करूं नयेत. कडी कापावयाची तर मुद्रेजवळ कधींहि कापूं नये. नंतर कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. भरलेली माती निघत नसेल तर भिंगाखालीं बांबूच्या टोंकदार काडीनें किंवा बाभळीच्या कांट्यानें ती कणाकणानें उकरावी. लोखंडी सुई वापरूं नये. ती माती व तांबें यांत भेद करीत नाहीं. तेल व शेंदूर यांचा लेप मद्यार्कांत भिजविलेल्या कापसानें पुष्कळ अंशीं उतरतो. पाणी लावणें भागच पडलें तर तें ऊर्ध्वपातित असावें, नळाचें वा विहिरीचें नसावें. आणि वस्तु लगेच पूर्ण वाळवावी. वाचन होईल इतकें झालें कीं हात आवरावा. पत्रा चमकला पाहिजे असा आग्रह सोडावा.

रुप्याचीं आजचीं साधीं भांडीं अॅल्युमिनिअमचा पत्रा, गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनीं उजळतात व त्यांत रुपें फारसें झिजत नाहीं; परंतु जुन्या नाण्यांस हा उपाय करूं नये. नाणीं लोंकरीच्या कापडांत गुंडाळूं नयेत व रबराच्या फितीनें बांधूं नयेत, कारण दोहोंत गंधक असतो. शिशाच्या नाण्यांस लांकडाचा संसर्ग नको. तांब्याच्या वस्तूंजवळची हवा कोरडी असावी. दमटपणा शंभरांत चाळिसाच्या खालीं राहिला तर हिरवी भुकटी वाढत नाहीं. कोंकणांतील पावसाळ्यांत हें साधणें कठीण. तेव्हां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या व त्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्या. फिकट हिरवी भुकटी दिसतांच ती वस्तु इतरांपासून वेगळी करून जाणत्याकडे न्यावी.

८. विनंती

ज्या घरांत ताम्रपट देवासमान पूजिले जातात त्यांच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या श्रद्धेमुळेंच कित्येक पत्रे आजवर वांचले आहेत. पूजा करावी, गंध व फूल वाहावें. परंतु तें पत्र्याच्या पेटीवर वाहावें, अक्षरांवर नव्हे. देवाच्या मूर्तीवरील डोळे कोणी घांसून काढीत नाहीं. ताम्रपटाचीं अक्षरें हे त्याचे डोळेच होत. तसेंच तरुण संशोधकांस सांगणें असें कीं, वाचनाची घाई आम्हीं केली तशी त्यांनीं करूं नये. लेख आज वाचतां आला नाहीं तर उद्यां आपल्याहून चांगलीं साधनें असलेला कोणी तो वाचील. घांसून टाकलेला लेख मात्र कोणासच वाचतां येणार नाहीं.

आमच्याजवळील ती संशयित अक्षरांची नक्कल आम्हीं मंडळाच्या दप्तरांत ठेवली असून, तिच्यावर अक्षरें कशीं गेलीं याची हकीकत आमच्या हातानें लिहिली आहे. कोणा वाचकाच्या पाहण्यांत त्या शासनाचा पहिला किंवा तिसरा पत्रा आला, तर त्यानें तो न धुतां, न घांसतां, आहे तसा मंडळास कळवावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.